अडतीस मिलिमीटर निरभ्र

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी शिरड शहापुरात अडतीस मिलिमीटर पाऊस पडला. आभाळात तेव्हा एकही ढग नव्हता, आणि पाऊस पडला हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त किशनरावांना, आणि किशनराव गावात नव्हते. ते कनेरगाव नाक्याजवळ एका लग्नाच्या मांडवात जिलबीची दुसरी फेरी यायची वाट बघत बसले होते.

खिशातला फोन थरथरला. घरच्या गच्चीवरचं हवामानाचं यंत्र वायफायवरून आकडे पाठवायचं, ते किशनराव कुठेही असले तरी त्यांना दिसायचे. त्यांनी आकडा बघितला, पत्रावळ बाजूला सारली आणि ‘पाऊस-पाणी शिरड’ या ग्रुपवर लिहिलं : ‘जोराचा पाऊस सुरू. हळद झाका.’

गावात त्या दिवशी अकरा जणांची शिजवलेली हळद वाळत पडली होती. अकरा जणांनी फोन बघितला, मग वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. पण आभाळाचं काय, ते दर साली काहीतरी थाप मारतंच; किशनराव दोन वर्षांत एकदाही खोटं बोलले नव्हते. अकराच्या अकरा जणांनी ताडपत्र्या ओढल्या. उकंडरावांनी तर नुकतीच शिजवून काढलेली, वाफाळती हळद झाकली, चारी बाजूंनी धोंडे ठेवले, आणि पडलेला पाऊस आपल्या शेतापर्यंत यायची सकाळपर्यंत वाट बघितली.

सकाळी ताडपत्री उचलली तेव्हा आतली हळद घामाघूम झालेली होती. तिसरा हिस्सा काळा पडला होता.

किशनराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कुठलं खातं ते सांगण्यात अर्थ नाही, ते अजून चालू आहे. नोकरीतली शेवटची बावीस वर्षं पावसाचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं. पाऊस मोजायचं भांडं नव्हतं. ते दुरुस्तीला गेलं होतं आणि दुरुस्ती मंजूर व्हायची होती. पण रजिस्टर होतं, रजिस्टरात रकाना होता, आणि रकाना मोकळा सोडायची शासनात पद्धत नाही. म्हणून किशनराव रोज सकाळी साडेआठ वाजता खिडकीतून बाहेर बघत आणि आकडा लिहीत. अंगणात चिखल असला तर बारा. कुत्रं व्हरांड्यात येऊन बसलं असलं तर वीस. शिपाई आलाच नसला तर पंचेचाळीस. एका वर्षी त्यांच्या आकड्यांना ‘नियमितपणाबद्दल’ शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र त्यांनी कपाटात ठेवलं, पण पालथं.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या लेकीनं, शिवकन्येनं, बापाला वेळ जात नाही म्हणून ते यंत्र पाठवलं. गच्चीवर एक दांडी, दांडीवर वाऱ्याचा पंखा आणि पावसाचा डबा. डब्यात इवलीशी झुलती पळी. ती पावसानं भरली की कलंडते, कलंडली की वायरीतून खबर जाते, आणि फोनवरचा आकडा पुढे सरकतो. त्यात चिखल नाही, कुत्रं नाही, शिपाई नाही. पहिल्या दिवशी चार पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किशनराव गच्चीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. पद्माबाईंनी खालून विचारलं, “आवं, काय झालं? पडले-बिडले का काय?”

“न्हाई,” ते म्हणाले. “चार पूर्णांक दोन.”

तेव्हापासून गाव त्यांना विचारून फवारणी करायचं, विचारून हळद शिजवायचं, विचारून लग्नाचा मांडव घालायचं. आणि आता ही अडतीस मिलिमीटरची थाप.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, “किशनराव, आज ऊन किती मिलिमीटर?” दुसरा म्हणाला, “ए, गप रे. त्येंचे कपडे अजून ओले असतील.” किशनराव हसले. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उकंडराव मात्र हसले नाहीत. ते घरी आले, पिशवीतून काळी पडलेली चार हळकुंडं काढून ओट्यावर मांडली आणि म्हणाले, “चूक झाली असं म्हणत न्हाई मी तुमाला. पाऊस न पडता हळद भिजली की कशी दिसती, ते दाखवाय आणली.”

“उकंडराव, यंत्राचं काहीतरी—”

“मला यंत्राचं काय ठावं? मी तुमचं ऐकलं व्हतं.”

किशनरावांनी ती हळकुंडं टाकली नाहीत. ओट्यावरच राहू दिली, आणि कामाला लागले.

पावसाच्या डब्यात चिमणीचं घरटं नव्हतं. मुंग्या नव्हत्या. सेल बदलून झाले. यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, एक बार बंद करके चालू कीजिए.” किशनरावांनी सात वेळा बंद करून सात वेळा चालू केलं. आठव्या वेळी मुलगीच बंद झाली.

मग त्यांनी शंभर पानी वही आणली आणि नोंदी घ्यायला सुरुवात केली. नोंदी घेणं त्यांना येत होतं. त्या खऱ्या असणं एवढंच नवीन होतं. आठवडाभरात दिसलं ते असं : पाऊस रोज पडतो. संध्याकाळी पाचला सुरू होतो, सहाला थांबतो. रविवारी चारलाच सुरू होतो. इतका वेळेवर पाऊस जगात कुठे पडत असेल तर तिथले शेतकरी आळशी झाले असतील.

पद्माबाईंची नोंद त्यांच्याहून सोपी होती. त्या पाच वाजता फोनवर मालिका लावून बसत, आणि बरोबर त्याच वेळी वायफायच्या डब्याचे दिवे विझून परत लागायचे. “आवं,” त्या आतून ओरडायच्या, “तुमचा पाऊस आला वाटतं. माझी सासू अर्धीच राहिली बघा.”

तीन मार्चला किशनराव पावणेपाच वाजताच गच्चीवर जाऊन डब्याशेजारी मांडी घालून बसले. हातात फोन. वर स्वच्छ ऊन. पाच वाजून दोन मिनिटांनी फोनवर शून्य पूर्णांक तीन झालं. मग दोन पूर्णांक एक. मग पाच. डब्यात त्यांनी बोट घालून बघितलं, कोरडं. आणि त्या शांततेत त्यांना शेजारच्या खिडकीतून बारीक आवाज ऐकू आला. टिक्‌टिक्‌ टीऽक, टिक्‌ टीऽक. आवाज थांबला की पाऊस थांबायचा. आवाज सुरू झाला की पाऊस सुरू.

किशनरावांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावरून, डब्याच्या बरोबर वरून, एक तार गेली होती. ती शेजारच्या विश्वंभररावांच्या छपरावरच्या उंच बांबूपासून निघाली होती आणि किशनरावांच्या स्वतःच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेली होती. चार वर्षांपूर्वी. किशनरावांच्या परवानगीनं.

विश्वंभरराव मूळचे औंढ्याचे, देवळातल्या सेवेकरी घराण्यातले. पण स्वतः तारखात्यात गेले. निवृत्तीनंतर बायकोच्या, गंगूताईंच्या, माहेरच्या जागेत घर बांधून शिरडला आले. आणि आल्यावर वर्षाच्या आत घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते गळ्याला पांढरा रुमाल बांधून, हातात शाळेतली पाटी घेऊन फिरत. कोणी काही विचारलं की पाटीवर लिहून दाखवत.

गाव चांगलं होतं. म्हाताऱ्या माणसाला उगाच लिहायची तकलीफ नको, म्हणून गावानं त्यांना काही विचारायचंच बंद केलं. समोर दिसले की लोक थांबून, वाकून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. किशनरावांनीही तेच केलं होतं. चार वर्षांपूर्वी विश्वंभररावांनी पाटीवर ‘तुमच्या खांबाला तार बांधू का?’ असं लिहून दाखवलं, तेव्हा ‘कशासाठी?’ असं विचारावं लागलं असतं, म्हणजे त्यांना आणखी लिहावं लागलं असतं. किशनरावांनी तो त्रास वाचवला. “बांधा की! त्यात इचारायचं काय?” म्हणाले. कपडे वाळत घालायला असेल, असं त्यांनी धरलं. पद्माबाईंनी तर एकदा तिच्यावर लुगडंही टाकलं होतं. गंगूताई धावत येऊन हात जोडून ते काढून घेऊन गेल्या होत्या, आणि पद्माबाईंना महिनाभर वाटत राहिलं होतं की ही बाई सोवळ्याचं फारच करते.

किशनराव खाली उतरले आणि शेजारी गेले. गंगूताईंनी दार उघडलं. “या की, किशनभाऊ. आज इकडं कुठं वाट चुकली?”

आतल्या खोलीत विश्वंभरराव टेबलाशी बसले होते. समोर दिवे लागलेला एक डबा, आणि बोटाखाली तारखात्यात असायचा तसा पितळी खटका. त्यांनी बघून हात वर केला आणि खटक्यावरून बोट काढलं.

“तुमची! ती! तार!” किशनराव ओरडले. “ती! कशाची हाय!”

विश्वंभररावांनी पाटी घेतली. ‘आवाज माझा गेला आहे. कान शाबूत आहेत.’

किशनराव ओशाळले. मग हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं : अडतीस मिलिमीटर, हळद, वही, पाच ते सहा. विश्वंभररावांचं तोंड ऐकता ऐकता उतरत गेलं. पाटीवर एका वेळी सात-आठ शब्दच मावत, त्यामुळे ते फालतू बोलत नसत. ‘हौशी रेडिओ,’ त्यांनी लिहिलं. पुसलं. ‘परीक्षा दिली. दिल्लीचं लायसन आहे.’ पुसलं. ‘जुना रेडिओ जळाला. अठरा तारखेपासून नवा, जास्त ताकदीचा.’ पुसलं. ‘तार म्हणजे माझा गळा. तुमच्या वायरीत शिरत असणार.’

“बोलता कोणासंगं?”

‘ज्याला ऐकू जाईल त्याच्याशी. केरळात एक हेडमास्तर. जबलपूरला एक जण.’

“आन काय बोलता?”

विश्वंभररावांनी पाटी पुन्हा पुसली. मग त्यांनी लिहिलं, ‘हवामान.’

ते खरं होतं. रेडिओवाले जगभर एकमेकांना आधी हवामान विचारतात. केरळचे हेडमास्तर रोज विचारत, तिकडे कसं काय. आणि विश्वंभरराव रोज खटक्यावर टिकटिकत सांगत, आकाश निरभ्र आहे. एवढं सांगायला त्यांना साधारण सहा मिलिमीटर पाऊस लागायचा.

‘तुमचं नुकसान होतंय हे ठाऊक नव्हतं. उद्यापासून बंद,’ त्यांनी लिहिलं आणि पाटी किशनरावांपुढे धरून ठेवली.

त्या क्षणी किशनरावांना पुष्कळ काही म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “बरं.” गंगूताईंनी चहा आणला, तो प्याले, चांगला झालाय म्हणाले, आणि घरी आले. ग्रुपवर लिहिलं : ‘यंत्र दुरुस्त झाले आहे.’

दुसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक शून्य. पद्माबाईंची सासू पूर्ण झाली. टपरीवर लोक पुन्हा नीट बोलू लागले. उकंडराव येऊन म्हणाले, “उरलेली हळद उद्या शिजवू का?” म्हणजे माफी मिळाली होती. किशनरावांना हवं होतं ते सगळं बरोबर झालं होतं, फक्त पाच वाजले की त्यांना घरात बसवत नव्हतं.

आठव्या दिवशी गंगूताई मधल्या भिंतीपाशी आल्या. पद्माबाईंची वाटी परत द्यायला आल्या होत्या, पण वाटी हातातच राहिली.

“आकडा बरोबर येतोय ना, भाऊ?”

“येऊन राहिला, ताई. आन काका कसे हायेत?”

“बरे आहेत.” मग वाटीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, “मला काही ते टिकटिक कळत न्हाई. पण चार वर्षांत एवढं कळायला लागलं होतं बघा, की आत्ता हसले, आत्ता चिडले. त्या जबलपूरवाल्याचा राग येतो त्यांना. त्याच्याशी बोलताना टेबल हलतं. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. वाटायचं, घरात माणूस बोलतंय.”

“आन आता?”

“आता पाच वाजले की हातपाय धुऊन बसतात तिथंच. मशीन बंद. मांडीवर बोट चालतं. मांडीचं कोणाला ऐकू जायचंय?” त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली. “तुम्हाला दोष न्हाई देत. त्यांनी आपणहून बंद केलं. मी सहज सांगितलं.”

“गावात कोणी बोलत न्हाई का त्येंच्यासंगं?”

“गाव फार चांगलंय, भाऊ,” गंगूताई म्हणाल्या. “सगळे नमस्कार करतात.”

किशनराव घरात आले आणि शंभर पानी वही काढली. चार वर्षांत आपण त्यांना काय काय विचारलं ते आठवून बघितलं. एकही प्रश्न आठवेना. मग त्यांनी नवीन पान घेतलं, वर ‘विषय : विचारणा’ असं सवयीनं लिहिलं, खोडलं, आणि खाली एक, दोन, तीन असे आकडे घालून प्रश्न मांडले. अकरा झाले. पहिला होता, ‘जेवण झालं का?’ संध्याकाळी पाच वाजता विचारायला तो काही बरा प्रश्न नव्हता, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं.

पाचला ते वही घेऊन शेजारी गेले. विश्वंभररावांनी पहिल्या प्रश्नाला ‘सकाळी’ असं उत्तर दिलं. दुसरा होता, तारखात्यात काय करत होता. तिसरा, हे खटक्याचं शिकायला किती दिवस लागतात. चौथ्या प्रश्नाला पाटी सहा वेळा भरली आणि सहा वेळा पुसली गेली. धोतरावर पेन्सिलीची भुकटी साचली. गंगूताई दाराआड उभ्या राहून, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत, पेन्सिलीची करकर ऐकत होत्या. सहाव्या प्रश्नानंतर विश्वंभररावांनी वही हातानं मिटली आणि लिहिलं, ‘आता तुम्ही सांगा. नोकरीत काय केलंत?’

आणि किशनरावांनी सांगितलं. भांडं नव्हतं. बावीस वर्षं. चिखल असला तर बारा, कुत्रं असलं तर वीस. पालथं ठेवलेलं पत्र. “म्हणून तो आकडा, काका,” ते म्हणाले. “लोकास्नी वाटतं मी यंत्राचा नाद केला. मला आयुष्यात एकदा खरं लिहायचं व्हतं.”

विश्वंभररावांचे खांदे हलायला लागले. आधी किशनरावांना वाटलं ठसका लागला. मग कळलं की हा माणूस हसतोय, अगदी पोटभर. हसणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि बराच वेळ लिहिलं, बारीक अक्षरात.

‘मी वीस वर्षं लोकांच्या मरणाच्या तारा घेतल्या. सगळ्या खऱ्या निघाल्या. एखादी तुमच्या हातची असती तर बरं झालं असतं.’

किशनरावांनी ते दोनदा वाचलं.

“उद्या उकंडरावास्नी घिऊन येतो,” ते म्हणाले. “मोटारीचं, वायरीचं त्येला समजतं. काहीतरी करू.”

उकंडराव पक्कड घेऊन आले. गावानं चार वर्षं जपलेला संकोच त्यांच्याकडे नव्हता, कारण त्यांची वाट वेगळ्या शिवारात जायची आणि विश्वंभरराव त्यांना कधी आडवेच आले नव्हते. त्यांनी खटका बघितला, तार बघितली आणि सरळ विचारलं, “काका, ह्ये टिकटिक करून तुमी सांगता तरी काय वो? काकूची चुगली?”

‘रोज,’ विश्वंभररावांनी लिहिलं.

“मंग तरीच पाऊस पडून राहिला.”

पुढचे तीन दिवस तिघंही लेकरांसारखे झाले. तार किशनरावांच्या खांबावरून सोडली आणि उलट्या बाजूच्या लिंबाला नेऊन बांधली. मग विश्वंभररावांनी पाटीवर चित्र काढून दाखवलं : जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीवर टोकाशी एक काळा गठ्ठा असतो ना, त्यात एक कडं असतं, ते वायरीत शिरलेला रेडिओ अडवतं. उकंडराव हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून ओंजळभर गठ्ठे घेऊन आले. ती कडी पावसाच्या डब्याच्या वायरीवर चढली, यंत्राच्या वायरीवर चढली, वायफायच्या डब्याच्या दोन्ही वायरींवर चढली. घराच्या वायरींना सगळीकडून मनगट्या बांधल्यासारखं दिसायला लागलं.

तपासणी रोज पाचला. विश्वंभरराव खटक्यावर, किशनराव गच्चीवर फोन घेऊन, आणि मध्ये गल्लीत उकंडराव, दोन्हीकडे ओरडायला.

“काका, बोला! ...पडला का वो किशनराव?”

“पडला!”

“किती?”

“अकरा!”

“काका, जरा दमानं बोला! अकरा पडला!”

दुसऱ्या दिवशी गल्लीत बघे जमले. पाऊस अकरावरून तीनवर आला, तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पद्माबाई फोन हातात धरूनच बाहेर आल्या आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “माझं चालूच हाय! सासू बोलून राहिली!” वायफायची अडचण सुटली. तिसऱ्या दिवशी तासाभराचा एकूण पाऊस शून्य पूर्णांक नऊवर येऊन बसला, आणि तिथून हलेना. आणखी दोन कडी घातली. शून्य पूर्णांक नऊ. वायर आखूड केली. शून्य पूर्णांक नऊ. पुण्याहून शिवकन्या म्हणाली, “बाबा, एवढं तर राहणारच. घरं किती जवळ आहेत आपली.”

तिघं ओट्यावर बसले. उकंडराव पक्कड उघडत-मिटत होते. विश्वंभररावांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, ‘पुष्कळ केलंत. बंद करतो.’ आणि ती किशनरावांपुढे धरली, पहिल्या वेळी धरली होती तशीच.

शून्य पूर्णांक नऊ म्हणजे काही फार नाही. खिडकीतून बघून लिहायच्या दिवसांत किशनरावांनी असा आकडा हिशेबातही घेतला नसता. पण खोटा तो खोटा. रोज पाच ते सहा त्यांच्या नावावर थोडं खोटं जाणार होतं, आणि कधीतरी कोणीतरी त्यावर हळद झाकणार होतं.

त्यांनी पाटी घेतली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसून टाकली.

“राहू द्या,” ते म्हणाले. “तुमी बोला.”

“आन आकडा?” उकंडराव म्हणाले.

“आकड्याचं मी बघतो.”

“ते बघणं न्हाई म्हणत मी. त्या तासात खरंच पडला तर? मी हळद झाकू का न्हाई झाकू?”

“त्या तासात मी सोता गच्चीवर जाऊन बघीन.”

“कशाकडं? यंत्राकडं?”

“आभाळाकडं,” किशनराव म्हणाले.

उकंडरावांनी विचार केला. “चालतंय,” ते म्हणाले. “पर चष्मा घालून बघा.”

त्या संध्याकाळी ग्रुपवर एक सूचना आली. किशनरावांनी ती तीनदा लिहून तीनदा खोडली होती, कारण त्यांना ती सरकारी भाषेत हवी होती आणि विषय सरकारी नव्हता. शेवटी गेली ती अशी : ‘सर्वांना कळविण्यात येते की, रोज संध्याकाळी ५ ते ६ (रविवारी ४ ते ६) या वेळेतील पावसाचा आकडा ग्राह्य धरू नये. या वेळेत विश्वंभरराव बोलत असतात.’

मग एकानं विचारलं, ‘कोणासंगं?’ दुसऱ्यानं, ‘काय बोलतात?’ तिसऱ्यानं, ‘ते बोलतात?’ किशनरावांनी एकालाही उत्तर दिलं नाही. लिहिलं, ‘त्यांनाच विचारा. कान शाबूत आहेत.’

लोक विचारायला लागले. आधी टपरीवर एकानं, मग हरभऱ्याच्या खळ्यावर दोघांनी. “काका, केरळात काय भाव हळद?” “काका, आमच्या पोराचा फोन लागून न्हाई राहिला, तुमच्या डब्यावरून लागंल का?” विश्वंभररावांची पेन्सिल आठवड्याला एक संपायला लागली. कोणी पाटीवरचं उत्तर वाचायला वेळ लावला तर ते दुसऱ्या हातानं पाटीवर टकटक करत, लवकर वाचा म्हणून. त्यांचा स्वभाव मुळात तापट आहे हे गावाला तेव्हा कळलं, आणि गावाला बरं वाटलं.

एप्रिलच्या दहा तारखेला दुपारपासून उकडत होतं. उकंडरावांची शेवटची हळद वाळत पडली होती. पाच वाजून वीस मिनिटांनी यंत्राचा आकडा शून्य पूर्णांक सहा झाला, आणि लगेच ग्रुपवर उकंडरावांचा निरोप आला : ‘किशनराव, पाऊस पडून राहिला का काका बोलून राहिले?’

किशनराव पायऱ्या चढून गच्चीवर गेले. पश्चिमेकडून काळं भरून आलं होतं. शेजारच्या खिडकीतून टिक्‌टिक्‌ टीऽक चाललेलं होतं, आज जरा घाईचं; समोर बहुतेक जबलपूर होतं. किशनरावांनी तळहात पसरला. एक थेंब चष्म्यावर पडला, दुसरा हातावर, मोठा, कोमट. त्यांनी ओल्या बोटानं लिहिलं :

‘दोन्ही.’

दूर शेतांमधून ताडपत्र्या उलगडल्याचा फडफडाट आला. आधी एका खळ्यावरून, मग चार-पाच खळ्यांवरून. कोणी परत विचारलं नाही, कोणी वर बघून खात्री केली नाही. किशनराव कठड्याला धरून ते ऐकत उभे राहिले.

“आवं, भिजून राहिले तुमी!” पद्माबाई खालून ओरडल्या.

तेवढ्यात वीज चमकली आणि आभाळ गडगडलं. शेजारची टिकटिक एकदम थांबली. विजांत तार डब्याला जोडून ठेवता येत नाही, काढून बाजूला टाकावी लागते. साडेपाचच झाले होते. विश्वंभररावांचा अर्धा तास अजून बाकी होता.

किशनराव खाली आले, खताची रिकामी पिशवी डोक्यावर घेतली आणि तो भरून काढायला शेजारी गेले.